जुना गार्डन ट्रॅक्टर घेण्याआधी इंजिन कसं तपासावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गवत कापायला, बागेत छोटी ट्रॉली ओढायला, माती सारखी करायला वापरतात त्या छोट्या ट्रॅक्टरबद्दल ही माहिती आहे. यातल्या बहुतेकांना एक किंवा दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं पेट्रोल इंजिन असतं. थोड्या मोठ्या मशीनमध्ये पाण्याचं कूलिंग असलेलं दोन-तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं. टायर, सीट, पाती, बेल्ट बदलता येतात. इंजिन बसलं तर मात्र बऱ्याचदा दुरुस्तीचा खर्च अख्ख्या मशीनच्या किमतीच्या वर जातो. म्हणून पाहणीचा सगळ्यात जास्त वेळ इंजिनला द्या.

बघायला जाण्याआधी विकणाऱ्याशी काय बोलायचं?

एवढंच सांगा: "मी येईपर्यंत मशीन सुरू करू नका." गेल्या गेल्या सायलेन्सरजवळ आणि हेडजवळ (सिलिंडरच्या वरच्या झाकणाजवळ) हात नेऊन बघा. गरम लागलं तर इंजिन आधीच चालवलेलं आहे. अशा वेळी थांबून ते पूर्ण गार होऊ द्यावं किंवा दुसऱ्या दिवशी यावं, असं माझं ठाम मत आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी झालेलं, टॅपेट (वॉल्व्ह उघडणारा भाग) बिघडलेलं किंवा ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू करताना आतून तापवणारा प्लग) गेलेलं इंजिन एकदा गरम झालं की अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होतं. थंड असताना पहिल्यांदा सुरू करताना जे दिसतं, ते गरम इंजिनवर दिसत नाही.

मशीन शेवटचं कधी चाललं, ऑईल कधी बदललं आणि विकायचं कारण काय, हेही विचारा. दिलेलं उत्तर लक्षात ठेवा, कारण पुढे डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची काठी) आणि एअर फिल्टर बघताना ते पडताळता येतं.

सोबत काय न्यावं?

टॉर्च, प्लग पाना, मल्टिमीटर, पांढरं स्वच्छ फडकं आणि हातमोजे. फोनला जोडायचा बारीक केबल कॅमेरा असेल तर फार उपयोगी पडतो. प्लगच्या भोकातून बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत दिसते.

सुरू करण्याआधी काय काय बघायचं?

सुरुवात डिपस्टिकपासून करा. काठी पुसून पुन्हा घाला, बाहेर काढा आणि ऑईल पांढऱ्या फडक्यावर टेका. डिझेल इंजिनचं ऑईल काळं असणं स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नका. दुधाळ, चहासारखं ऑईल म्हणजे आत पाणी. पाण्याच्या कूलिंगच्या इंजिनात असं दिसलं तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) किंवा हेडचा संशय घ्यावा लागतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात मात्र मशीन उघड्यावर पावसात उभं राहिलं असण्याची शक्यता जास्त.

मग ऑईलचा वास घ्या. पातळी खुणेच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई नीट बंद होत नाही आणि उभ्या मशीनमध्ये पेट्रोल झिरपून चेंबरमध्ये, म्हणजे खाली ऑईल असतं त्या पोकळीत उतरतंय. सुई स्वस्त आहे. पण पातळ झालेल्या त्या ऑईलवर इंजिन किती दिवस चालवलं, हा खरा प्रश्न. असं ऑईल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. डिझेल इंजिनात पातळी वाढलेली असेल तर डिझेल ऑईलमध्ये मिसळतंय, आणि ते जास्त गंभीर आहे: इंजिन ते ऑईल स्वतःच ओढून रेसवर पळत सुटू शकतं.

पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर फार सावध व्हा. यातल्या अनेक छोट्या इंजिनांत कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यात वेगळं बेअरिंगही नसतं. रॉड थेट क्रँकवर फिरतो. काही इंजिनांत ऑईल पंपाने चढत नाही, नुसतं उडवलं जातं. अशा इंजिनात ऑईल कमी ठेवून उतारावर काम केलं की सगळ्यात आधी रॉड जातो. फडक्यावर चंदेरी कण चमकले तर झीज सुरू झालेली आहे.

त्यानंतर एअर फिल्टरचं झाकण उघडा. लोक फिल्टर किती मळलाय तेवढं बघतात. तुम्ही फिल्टर काढून त्याच्या *आतल्या* बाजूला, म्हणजे कार्बोरेटरकडे जाणाऱ्या तोंडात बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नव्हता, फाटलेला होता किंवा भलताच बसवला होता. कोरड्या जमिनीवर गवत कापणारं मशीन धुळीच्या ढगातच काम करतं. ती धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि बोअर घासून निघतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. या एका खुणेवरून मी मशीन नाकारेन, बाकी सगळं चकाचक असलं तरी.

हवेवर थंड होणारं इंजिन असेल तर पंख्याचं कव्हर आणि त्याखालच्या फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या) बघा. वाळलेलं गवत, उंदरांची घरटी, ऑईल आणि धुळीचा थर यांनी फिन्स बुजल्या असतील तर ते इंजिन वेळोवेळी तापलेलं आहे. तापलेल्या इंजिनात हेड वाकतं, गॅस्केट जळतं, वॉल्व्हची सीट सैल होते. कव्हरच्या पत्र्यांपैकी एखादा गायब असेल तरी तेच होतं, कारण तो पत्रा हवेला वाट दाखवण्यासाठी असतो.

मीटरवर तास कमी आहेत. विश्वास ठेवायचा का?

अर्धाच. मीटर बदलता येतो, बंद पडतो. काही मशीनमध्ये तर नुसती चावी फिरवून ठेवली तरी चालत राहतो. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची पकड, सीटची कडा आणि पुढच्या चाकांचं लटपटणं मीटरशी जुळतंय का ते बघा. इंजिनवरचा नंबर बघणंही उपयोगी असतं. उदाहरणार्थ, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनवरच्या कोडचे पहिले सहा अंक म्हणजे तयार झाल्याचं वर्ष, महिना आणि दिवस. त्यावरून इंजिन मशीनसोबतचंच आहे की मध्ये बदललंय, हे समजतं. बदललेलं असणं वाईट नाही. फक्त ते कधी आणि का बदललं, हे विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

तासांपेक्षा ऑईल बदलण्याची सवय जास्त महत्त्वाची. वेळेवर ऑईल बदललेलं हजार तासांचं डिझेल इंजिन हे दुर्लक्षित तीनशे तासांच्या पेट्रोल इंजिनपेक्षा मला केव्हाही चालेल.

सेल्फ मारल्यावर इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. बॅटरी खराब आहे का?

असेलही. आधी मल्टिमीटरने बघा. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. बॅटरी आणि वायरींची टोकं नीट असूनही इंजिन झटका देऊन थांबत असेल, तर बहुतेक वेळा टॅपेटची गॅप वाढलेली असते.

या पेट्रोल इंजिनांत सुरू होताना कॉम्प्रेशन थोडं सोडून देण्याची सोय कॅमशाफ्टवर असते. एक वॉल्व्ह अगदी किंचित उचलून धरला जातो, म्हणजे छोट्या सेल्फलाही इंजिन फिरवता येतं. टॅपेटची गॅप वाढली की ते किंचित उचलणं होतच नाही, आणि सेल्फला पूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावं लागतं. गॅप जुळवणं हे फीलर गेज आणि पान्याचं तासाभराचं काम आहे. अनेक जण यापायी बॅटरी बदलतात, सेल्फ बदलतात आणि शेवटी कंटाळून मशीन विकायला काढतात. असं मशीन मिळालं तर बाकीची तपासणी मन लावून करा, कारण यात चांगला सौदा हाती लागू शकतो.

धुरावरून नेमकं काय ओळखायचं?

पहिल्यांदा सुरू करताना स्वतः सायलेन्सरच्या बाजूला उभे राहा आणि सेल्फ दुसऱ्याला मारू द्या. मशीन उघड्यावर किंवा हवेशीर जागी असू द्या. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. चोक अडकलेला, फिल्टर बुजलेला, कार्बोरेटर बिघडलेला. पेट्रोल इंजिनात हे बहुधा किरकोळ. डिझेलवर जोराचा लोड आल्यावर क्षणभर काळसर धूर येणं चालतं, पण सतत येत असेल तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा डिझेलच्या पंपाकडे लक्ष जातं.

पांढरा धूर डिझेलमध्ये थंडीत सुरुवातीला येतो आणि इंजिन तापलं की जातो. गेला नाही आणि डोळे चुरचुरले, तर डिझेल नीट जळत नाही: नोझल, टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. गोडसर वासाची पांढरी वाफ सतत येत असेल तर कूलंट जळतंय.

निळ्या धुराने लोक सगळ्यात जास्त घाबरतात. तो ऑईल जळल्याचा असतो हे खरं, पण ऑईल कुठून येतंय यावर सगळं अवलंबून आहे. आधी ऑईल खुणेच्या वर भरलेलं नाही ना ते बघा. तेवढ्यानेही धूर येतो. मशीन उतारावर तिरकं उभं होतं आणि सुरू करताना एकदाच भपका आला, तर त्याला फारसं महत्त्व देऊ नका. रेस सोडल्यावर पेट्रोल इंजिन निळा धूर टाकत असेल तर वॉल्व्ह गाईडवर (वॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीवर) संशय जातो. रेस वाढवताना आणि लोडवर धूर सतत येत राहिला, तर रिंगा-पिस्टन.

आणखी एक कारण आहे, आणि ते माहीत असेल तर मोठा फरक पडतो. वरच्या वॉल्व्हच्या (ओव्हरहेड वॉल्व्ह) पेट्रोल इंजिनांत हेड गॅस्केट कधी कधी सिलिंडर आणि पुशरॉडच्या (खालून वॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यांच्या) पोकळीमधल्या अरुंद पट्टीवर फुटतं. मग जळालेला गॅस चेंबरमध्ये शिरतो, तिथे दाब वाढतो आणि ऑईल ब्रीदरमधून (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) कार्बोरेटरकडे ढकललं जातं. धूर अगदी रिंगा गेल्यासारखा येतो, पण इंजिन उतरवण्याची गरज नसते. हेड काढून, वाकलंय का ते तपासून गॅस्केट बदललं की काम होतं.

मग रिंगा आणि गॅस्केट यांत फरक कसा करायचा?

लीकडाऊन टेस्टने. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडतात आणि किती टक्के हवा निसटते ते मोजतात. 10 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, 30 टक्क्यांच्या पुढे असेल तर काम निघणार. आकड्यापेक्षा कान जास्त सांगतात. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक वॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा ते गॅस्केट. या शेवटच्या दोघांत निवाडा करायला बोअर आतून बघा. उभे ओरखडे दिसले तर रिंगा, ओरखडे नसतील तर गॅस्केटची शक्यता वाढते.

साधी कॉम्प्रेशन टेस्ट या पेट्रोल इंजिनांत फसवते. वर सांगितलेली कॉम्प्रेशन सोडण्याची सोय असल्यामुळे निरोगी इंजिनही कमी आकडा दाखवतं. दोन सिलिंडर असतील तर दोघांची तुलना करा. फरक पाव हिश्श्याहून जास्त असेल तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये दोष आहे. डिझेलला ही टेस्ट जरूर करा, पण डिझेलच्याच गेजने. चांगल्या छोट्या डिझेल इंजिनात साधारण 30 बारच्या आसपास दाब मिळतो, आणि सिलिंडरांमधला फरक 10 टक्क्यांच्या आत असावा.

लीकडाऊनची साधनं नसतील तर इंजिन स्लोवर असताना ऑईलचं झाकण किंवा डिपस्टिक थोडी सैल करून बघा, तोंड लांब ठेवून. हलकी धडधड चालेल. धुराचे झोत जोरात बाहेर येत असतील तर बहुधा रिंगा किंवा हेड गॅस्केट यांपैकी एक कारण आहे.

कोणता आवाज गंभीर समजायचा?

वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची असते आणि बहुतेकदा सेटिंगने जाते. खालून, पोटातून येणारा जड ठोका रॉडचा. तो ऐकायला इंजिन तापू द्या, मध्यम रेसवर आणा आणि रेस एकदम सोडा. त्या क्षणी ठोका सगळ्यात स्पष्ट येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाजवळ धरली की आवाज कुठून येतोय ते कळतं. फिरणाऱ्या पुली आणि बेल्टपासून कपडे, केस आणि हात लांब ठेवा.

विकणाऱ्याने मुद्दाम जाड ऑईल भरून आवाज दाबलेला असू शकतो. गरम झालेल्या इंजिनची डिपस्टिक काढून ऑईल टपकताना बघा. ते काकवीसारखं ओघळत असेल तर का, ते विचारा.

रेस आपोआप वर-खाली होते. इंजिन गेलंय का?

बहुधा नाही. मशीन बरेच महिने उभं राहिलं की पेट्रोल शिळं होतं, कार्बोरेटरचा बारीक जेट चिकट थराने अर्धवट बुजतो आणि इंजिनला इंधन कमी पडतं. गव्हर्नर (रेस एकसारखी ठेवणारी यंत्रणा) रेस सावरायला बघतो, म्हणून ती वर-खाली होते. थोडा चोक ओढल्यावर इंजिन स्थिर झालं तर निदान जवळपास पक्कं.

किती वेळ चालवून बघायचं?

किमान अर्धा तास, आणि तोही कामावर. पाती फिरती करा, पूर्ण रेसवर ठेवा, दाट गवतात किंवा चढावर न्या. पाती फिरती करताना रेस क्षणभर खाली येऊन लगेच सावरली पाहिजे. पेट्रोल मशीन बिनलोड पूर्ण रेसवर बहुधा 3300 ते 3600 फेऱ्यांच्या दरम्यान असतं. ते यापेक्षा जोरात किंचाळत असेल तर कोणीतरी गव्हर्नरशी खेळलेलं आहे.

अर्ध्या तासाची मुदत मी उगाच सांगत नाही. बिघडत चाललेली इग्निशन कॉईल (ठिणगी तयार करणारा भाग) बऱ्याचदा गरम झाल्यावरच दगा देते: मशीन वीसेक मिनिटांनी बंद पडतं, गार झालं की पुन्हा मजेत चालतं. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल तरी असंच होतं. म्हणून बंद पडल्याबरोबर आधी झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि मशीन लगेच सुरू झालं तर दोष झाकणाचा. नाही झालं तर प्लगला ठिणगी येते का ते बघा. मशीन चालू असताना बॅटरीवर 13.5 ते 14.5 व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत, नाहीतर चार्जिंगचं काम निघेल.

शेवटी बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सेल्फ मारा. गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

चढावर मशीन मंदावतं. दोष इंजिनचा की हायड्रोस्टॅटिकचा?

कान इंजिनवर ठेवा. चाकं मंदावली आणि रेसही पडली तर इंजिनात दम नाही. रेस तशीच आणि चाकं मंद, तर दोष ट्रान्समिशनचा किंवा बेल्टचा. खराब होत चाललेलं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (गिअरऐवजी ऑईलच्या दाबाने चाकं फिरवणारी यंत्रणा) थंड असताना ठीक चालून तापल्यावर ढिलं पडतं, त्यामुळे अर्ध्या तासाची अट इथेही लागू.

पाण्याच्या कूलिंगच्या डिझेलमध्ये वेगळं काय बघायचं?

रेडिएटरचं झाकण फक्त थंड इंजिनवर उघडा. पाण्यावर ऑईलचा तवंग किंवा गंजाचा चिखल नसावा. नुसतं साधं पाणी भरलेलं असेल तर आतून गंज धरलाय असं समजा. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी तापायच्या आधीच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर गॅस हेड गॅस्केटमधून पाण्यात शिरतोय. नोझलच्या पाईपजवळ गळती दिसली तर चालू इंजिनवर तिथे हात लावू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं.

मशीन नुकतंच धुतलंय, इंजिनला रंगही मारलाय. चांगलं लक्षण ना?

विकायला काढताना धुणं साहजिक आहे. इंजिनला रंग का दिला, हे मात्र विचारा. चाचणीनंतर टॉर्च घेऊन गॅस्केटचे सांधे, क्रँकचं खालचं सील आणि पुलीभोवतालचा भाग पुन्हा बघा. जुनी गळती अर्ध्या तासात ओलावा दाखवतेच.

"फक्त कार्बोरेटर साफ करायचाय, मग सुरू होईल" असं सांगून बंद मशीन विकतायत. घ्यावं का?

इंजिन गेलेलंच आहे असं धरून जो भाव तुम्ही द्याल, तेवढाच द्या. खरोखर कार्बोरेटरच असता तर साफ करून, सुरू करून जास्त भावाने विकणं त्यांनाही परवडलं असतं. तरी मोह होत असेल तर प्लग काढून इंजिन हाताने फिरतं का बघा, कॅमेऱ्याने बोअर बघा आणि प्लग नीट न्याहाळा. टोकाला चॉकलेटी-करडा रंग चांगला, ओलं तेलकट काळं वाईट, आणि ॲल्युमिनियमचे बारीक थेंब चिकटलेले दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय.

कोणते दोष चालवून घ्यावेत आणि कुठे थेट नाही म्हणावं?

कार्बोरेटर, टॅपेट, प्लग, कॉईल, बॅटरी, टाकीचं झाकण या गोष्टी चालतील; भाव कमी करून घ्या. हेड गॅस्केट स्वतः बदलता येत असेल तर तेही. रॉडचा ठोका, ऑईलमध्ये धातूचे कण, फिल्टरच्या आत धूळ, बोअरवर ओरखडे, पाण्याच्या कूलिंगच्या इंजिनात दुधाळ ऑईल, यांपैकी एकही असेल तर नाही म्हणा. विकणारा थंड इंजिन दाखवायला किंवा अर्धा तास चालवू द्यायला तयार नसेल, तरीही नाहीच म्हणा.

सीटखालचा सेफ्टी स्विच वायर जोडून निकामी केलेला असेल तर तो इंजिनचा दोष नव्हे, पण पाती फिरत असताना उठलं तरी मशीन चालू राहतं. घेतलंत तर कामाला लावण्याआधी तो नीट करून घ्या.

घेतल्यावर पहिलं काम कोणतं?

ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला, निर्मात्याने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑईल भरा. जुना ऑईल फिल्टर कापून आतला कागद उलगडा आणि धातूचे कण आहेत का ते बघा. एअर फिल्टर आणि इंधनाचा फिल्टर नवे घाला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, पंख्याचं कव्हर खोलून फिन्स साफ करा आणि थंड इंजिनवर टॅपेटची गॅप जुळवा. पहिल्या दहा तासांत रोज कामाआधी डिपस्टिक बघा आणि किती ऑईल घालावं लागलं ते लिहून ठेवा.